धुण्याच्या खोलीतला कॅरिबू

१ सप्टेंबर

पोचले एकदाची. चौदा खोकी, एक शिवणयंत्र आणि मी. अँकरेजच्या शाळेत स्वयंपाकघरातल्या गोंगाटात एकोणीस वर्षं काढल्यावर इथली शांतता कानाला टोचेल असं वाटलं होतं, नाही टोचली. घर लाकडी, बसकं. खिडकीबाहेर नजर जाईल तिथवर पिवळं-तांबडं माळरान. रॉयसने माझ्यासाठी दाराला हिरवा रंग दिलाय आणि त्यातला बराचसा स्वतःच्या दाढीला. त्रेचाळिसाव्या वर्षी दुसऱ्यांदा नवरी झाल्यावर लाजायचं की हसायचं ते कळेना. हसले.

दुपारी त्याची थोरली बहीण व्हर्ना आली. मैलभरावर एकटी राहते. रानबेरींच्या मुरंब्याची बरणी माझ्या हातात देऊन तिने मला नीट न्याहाळलं. "नॅडीन ना तू? आधीच सांगून ठेवते, शिकारीचा मोसम लागला की आमच्या रॉयसला बायको लागत नाही. सुऱ्या धुवायला कोणीतरी लागतं." रॉयस म्हणाला, हिचं मनावर घेऊ नकोस, ही दगडालाही टोमणे मारते. मला तर ती आवडली.

४ सप्टेंबर

रॉयसला कॅरिबू मिळाला, इथला रानटी रेनडिअर! या बाजूच्या कळपासाठी तो अकरा वर्षं परवान्याच्या सोडतीत नाव घालतोय. शिंगं एवढी रुंद, की दारातून तिरकी करून आत घ्यावी लागली. मानेचे केस पांढरेशुभ्र, हात फिरवावा असे. मांस कापून फ्रीझरमध्ये भरण्यात अख्खा दिवस गेला. पाठीजवळचा मऊ तुकडा लोण्यात परतून खाल्ला आणि बोटं चाटली.

डोकं मात्र तो कुणाकडे देणार नाही. भिंतीवर टांगायला स्वतः, घरीच भरणार. त्यासाठी वॉशिंग मशीनशेजारचं टेबल रिकामं केलंय. माझी शिलाई बारीक आहे, तेव्हा मीही हात लावायचा, असं ठरलं. आपल्या दोघांचं पहिलं काम म्हणाला. एवढं गोड बोलल्यावर नाही कोण म्हणणार?

६ सप्टेंबर

गोड बोलण्याला भुलू नये.

मानेपासून कातडं सोलत आणायचं. कान मोज्यासारखे उलटे करायचे. पापण्या आणि ओठ आतून चिरून त्यांतलं मांस खरवडून काढायचं, नाहीतर तिथे कुजतं. हे सगळं मी केलं, कोपरापर्यंत चिकट होऊन. शाळेत मी शेकडो कोंबड्या साफ केल्या आहेत. पण कोंबडीला पापण्यांचे केस नसतात.

मग रॉयसने जीभ ओढून बाहेर काढली. तिच्या मुळाशी, घशाच्या खोबणीत, अळ्यांचा गच्च गुच्छ होता. अंगठ्याच्या पेराएवढ्या, पिवळट, एकमेकींना बिलगलेल्या. आणि हलत होत्या. मी सिंकमध्ये ओकले. रॉयस हसला. म्हणाला, प्रत्येक कॅरिबूला असतात, एक माशी नाकात सोडते. त्याने मुठीने ओरबाडून त्या बादलीत टाकल्या. त्याच हाताने माझी पाठ थोपटली.

व्हर्नाला दाखवल्या तेव्हा तिने टोमणा मारला नाही. ते मला खटकलं. ती म्हणाली की या दिवसांत त्या तांदळाच्या कणीएवढ्या असतात. एवढ्या होतात त्या वसंतात. "फेकून दे, रॉयस. शिंगं ठेव, बाकी सगळं जाळ." रॉयस चिडला. अकरा वर्षं वाट पाहिली ती जाळायला का, म्हणाला. तू माझ्या घरात नाक खुपसू नकोस, असंही म्हणाला. ती बूट घालून निघून गेली.

९ सप्टेंबर

कातडं मिठात. मिठाने सगळं पाणी सुटतं, किडा-मुंगी टिकत नाही, असं रॉयसचं म्हणणं. आज मीठ बदलायला गेले तर नाकपुडीतून दोन अळ्या बाहेर आल्या, मिठावर पसरून निवांत पडल्या. सुकलेल्या नव्हत्या. त्या दिवसापेक्षा जाड होत्या.

बादलीत बघितलं. बादली रिकामी.

रॉयसला विचारलं, तू ओतल्यास का? तो म्हणाला, मला वाटलं तू.

१४ सप्टेंबर

कातडं आंबट पाण्यातून काढलं, कमावायचा लेप चोळला. वास जात नाही. उशीला, पावाला, माझ्या केसांना. धुतलेले कपडे त्याच खोलीतून येतात, ते अंगात घालताना शहारा येतो. मशीनखाली झाडू घातला तर काळी, कडक, शेंगदाण्याएवढी टरफलं निघाली. काही फुटलेली. रॉयस म्हणाला, उंदराच्या लेंड्या असतील. मी उंदराच्या लेंड्या ओळखते.

१९ सप्टेंबर

आज डोकं उभं राहिलं. फोमच्या साच्यावर कातडं चढवलं, काचेचे डोळे मातीत बसवले, मी पापण्या सुईने आत दुमडल्या. खरं सांगते, मला अभिमान वाटला. जिवंत वाटत होतं. रॉयसच्या डोळ्यांत पाणी आलं.

ओठ शिवताना मात्र सुई आत गेली आणि भोकातून पांढुरकं पाणी आलं. कोमट. तेल असेल, रॉयस म्हणाला. मी हात तीनदा धुतले. कमावलेलं चामडं कोमट कसं असेल?

२२ सप्टेंबर

बाहेर वीतभर बर्फ पडलाय आणि घरात माश्या आहेत. भुंग्यासारख्या केसाळ. सकाळी कॉफी पिताना एक रॉयसच्या तोंडापुढे येऊन लोंबल्यासारखी थांबली आणि त्याच्या डोळ्यावर काहीतरी ओलं उडवून गेली. तो डोळा चोळत हसला.

व्हर्नाला फोन केला. ती म्हणाली, ती माशी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं फवारते. नाकात. डोळा असला तर डोळ्यात. त्याला दवाखान्यात ने, आजच.

दवाखाना ऐंशी मैलांवर. रॉयस ऐकत नाही. रस्ता बंद, म्हणतो. या रस्त्यावरचं बर्फ काढायचं यंत्र चालवणारा तोच, आणि त्याला काही ते काढायचं नाहीये.

२५ सप्टेंबर

उजवा डोळा लालभडक. मी पापणी वर केली. पांढऱ्या भागात एक बारीक रेघ होती. मी बघत असताना ती रेघ वळली आणि बुबुळाकडे गेली.

दुखत नाही, म्हणतो. सारखा शिंकतो. शिंकल्यावर रुमाल मला देत नाही, खिशात ठेवतो. दिवसभर धुण्याच्या खोलीत त्या डोक्यासमोर बसून असतो. आज मी शेजारी बसले, हात धरला, गयावया केली. त्याने माझा हात थोपटला. मग हळूच म्हणाला, "घशात ऊब वाटते गं. एकटं वाटत नाही."

२७ सप्टेंबर

रॉयस जेवताना पाय आपटायला लागला. एकच पाय. मग ताटात नाक दाबून धरलं. रस्सा गालांवरून गळत होता. मग उठून अंगणात गेला, बर्फ उकरला, ओणवा होऊन शेवाळात नाक खुपसलं. हाका मारल्या, ओढलं. हलला नाही.

व्हर्नाला सांगितलं. ती म्हणाली, माश्या नाकाशी आल्या की कॅरिबू तसंच करतात. पलीकडच्या गावातलं बर्फाचं यंत्र रस्ता उघडतंय, माझी बर्फगाडीही दुरुस्त होतेय, तोवर धीर धर.

२८ सप्टेंबर

जाळायचं ठरवलं. कुऱ्हाड घेतली. पहिला घाव गालावर.

आत फोम नव्हता. सगळा पोखरलेला. अळ्या ठासून भरलेल्या — भाताचं पातेलं उतू जावं तशा — माझ्या बुटांवर, हातांवर. माश्या उठल्या, खोली काळी झाली. मी किंचाळले.

तोंड उघडं होतं माझं. किंचाळताना तोंड उघडं होतं.

धुण्याच्या खोलीचं दार बाहेरून लावून घेतलं. फटीत टॉवेल कोंबले. मिठाच्या पाण्याने गुळण्या. वीस, तीस. गिळताना काहीतरी मागे राहतं.

३० सप्टेंबर

रॉयस अजून अंगणात. पांघरूण घातलं, ते बर्फाखाली गेलं. पाठ हलते, म्हणजे श्वास आहे. की —

माझा आवाज बसला. घास उतरत नाही. आरशात बघायचं नाही, असं ठरवलंय. जिभेच्या मुळाशी गुदगुल्या. किळस येते आणि — लिहायची लाज वाटते — ऊबही.

टॉवेल आतून ढकलले जाताहेत.

१ ऑक्टोबर

व्हर्नाला फोन केला. येऊ नकोस एवढंच सांगायचं होतं. दोन शब्द. तोंडातून फुरफुर निघाली फक्त. ती म्हणाली, रॉयस? तू आहेस का? मी निघालेच, बाळा, घाबरू नकोस.

तिला बाळा म्हणताना कधी ऐकलं नव्हतं.

टॉवेल सरकले. माश्या स्वयंपाकघरात. मी सोफ्याजवळ जमिनीवर आहे, पाय उचलत नाहीत. हे पान फाडून दाराखालून बाहेर सरकवायचं —

व्हर्ना दार उघडू नकोस. तोंड झाक. नाक झाक. परत जा

तिची बर्फगाडी थांबली. रॉयसपाशी गेली असेल. नाही — पायरीवर बूट. ती हाका मारतेय, माझं नाव घेऊन. बाहेरच्या दाराला कडी नाही. पान पोचवायला हवं, चार हात फक्त, सरपटत

कडीशिवाय दार ती नुसतं ढकलेल आणि

व्हर्ना त