फोटोत हसायचं का?

माजलगाव, ८ जुलै २०२४

चि. केदारनाथ यास अ. उ. आ.

फोन केला की तू तो स्पीकरवर टाकतोस आणि तुझी आरोही शेजारीच पाय उशीवर ठेवून पडलेली असते, म्हणून हे पत्र. प्लास्टर ओलं होऊ देऊ नकोस.

आपल्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात. त्यामुळे 'पायाचा फोटो काढायचाय' हे तू तिला सांगितलंस ते अगदीच खोटं नव्हतं, असं मी स्वतःला समजावते. पण पोरीने फोटो म्हणजे फोटोच धरला. पिवळा फ्रॉक घातला, माझ्याकडून दोन वेण्या घालून घेतल्या. वाकड्या पावलाचं ऑपरेशन आहे हे मला ठाऊक होतं, तरी मी वर पावडर लावली. आत नेताना तिने मला विचारलं, फोटोत हसायचं का. मी हो म्हणाले.

तिला सांभाळत होते की स्वतःला, हे अजून कळत नाही. दिवाळीनंतर डाव्या पायाचं आहे. या वेळी तिला आधी सांग, एवढं ऐक.

माया आहेच, ती वाढू दे.
तुझी अक्का, प्रणिता

*

घाटनांदूर, १ ऑगस्ट २०२४

ती. अक्कास केदारनाथचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आई म्हणते, फोन असताना पत्र कावून, हिला कालेजात काम न्हाई वाटतं.

प्लास्टर निघालं, पाऊल लई सरळ दिसतंय. पण परवा शाळेत ओळखपत्राचे फोटो काढायला माणूस आला, तर आरोही बाकाखाली शिरली. शेवटी बाईंनी घरी आणून सोडली. तिची आई त्या दिवसापासून माझ्याशी धड बोलत नाही. आई म्हणते, सांगितलं तर लेकरू धास्तीनं जेवायचं न्हाई, ह्या खेपेला बी काहीतरी सांगून न्या. खरं म्हणजे अक्का, तिच्यापेक्षा मलाच भ्या वाटतं. ती नको म्हणाली तर मी काय करू?

राग धरू नकोस.
तुझा केदारनाथ

*

माजलगाव, १९ सप्टेंबर २०२४

चि. केदारनाथ यास अ. उ. आ.

नको म्हणेल. म्हणू दे. रडू दे. पण दुखणार नाही असं सांगू नकोस. झोपेचं औषध देतील, उठल्यावर दुखेल, मग कमी होईल, दाराबाहेर आम्ही असू, एवढंच सांग. बाहुलीच्या पायाला तिलाच पट्टी बांधू दे. आणि आधी तिच्या आईशी बोल. रडायचं ते तिने आधी रडून घ्यावं.

रविवारी मी आले होते तेव्हा आरोहीने मला विचारलं, आत्या, तुला माहीत होतं का. मी हो म्हणाले. नंतर वेणी घालायला हाक मारली, तर फणी घेऊन आईकडे गेली.

ऑपरेशनला मी येऊ का, हे तिलाच विचारून कळव.

सर्वांना आठवण सांग.
प्रणिता

*

अंबाजोगाई, १२ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर सांगितलंच, ऑपरेशन चांगलं झालं. बाकीचं दवाखान्यात बसून लिहितोय. आत्याला घरी गेल्यावर येऊ दे, असं आरोही म्हणाली होती. वाईट वाटून घेऊ नकोस.

मी तिला सगळं सांगितलं. दुखंल का विचारलं, मी दुखंल म्हणालो. पप्पा आत येणार का विचारलं, मी दारापर्यंतच म्हणालो. मग सिस्टरला बोलावून तिने विचारलं, पप्पा सांगत्यात ते खरं हाय का. सिस्टरनं माझ्याकडं बघितलं आणि खरं हाय म्हणाली. तेव्हा कुठं आत गेली. रडली नाही. तिची आईही तिच्यासमोर रडली नाही.

आज तिने पाणी मागितलं. डॉक्टरांनी आत्ताच परवानगी दिली होती, म्हणून मी गिलास पुढं केला. तिने आधी सिस्टरकडं बघितलं, मग प्यायली.

आमच्यावर तुझी माया राहू दे.
केदारनाथ