मारोतीचे यंत्र आणि जिनचे मॅनेजर

११ फेब्रुवारी १९४७, दुपारी ४ वाजून १० मिनिटे

कापसाच्या जिनच्या मॅनेजरांची दोन माणसे मारोतीच्या दुरुस्तीच्या दुकानातून माझे ऐकण्याचे यंत्र उचलून घेऊन गेली. वेळ मारोतीने घड्याळात पाहून ठेवली. फौजेत तारांवर काम केलेला माणूस, सवय आहे. साफसफाईला म्हणून यंत्र सकाळीच त्याच्याकडे दिले होते. मॅनेजरांच्या मुलीचे उद्या लग्न. यंत्राला कर्णा जोडायचा, मंगलाष्टके साऱ्या हिंगोलीने ऐकली पाहिजेत म्हणे.

मारोतीने माझ्या डाव्या कानाशी ओरडून सांगितले, "म्या म्हनलं, बाईचं हाय, बाईला इचारा. त्ये म्हनले, म्हातारीला दोन दिस न्हाई ऐकू आलं तर काय बिघडतं?"

काय बिघडते ते कळवीन.

१२ फेब्रु.

लग्न लागत असावे. मला सगळेच 'असावे'. चार वर्षे अशीच काढली. वर्गातली मुलगी कविता म्हणते आहे की नुसते ओठ हलवते आहे, हे कळेनासे झाले तेव्हा मुख्याध्यापिकेची खुर्ची सोडली. कोणी सांगायची वाट पाहिली नाही.

मग दिवाळीनंतर मारोतीने हे यंत्र केले. टेलिफोनचे तोंड, रेडिओत असतात तसे काचेचे तीन व्हॉल्व्ह, कानाला हेडफोन. खरी करामत मात्र त्याला वीज पुरवणाऱ्या पेटीत. मोटारीची बॅटरी सहा व्होल्टची, व्हॉल्व्हना हवेत दीडशे. वाढवायला ट्रान्सफॉर्मर हवा, आणि त्याला बॅटरीची सरळ वाहणारी वीज चालत नाही, तुटत तुटत द्यावी लागते. मारोतीने दारावरच्या विजेच्या घंटीची वाटी काढली आणि आतला हातोडा वीज तोडायच्या कामाला लावला. मी हे पुस्तकात वाचले असते तरी मला सुचले नसते.

ट्रान्सफॉर्मरची तार त्याने हातानेच गुंडाळली. घराणे डोंगरकडा गावचे, धनगराचे. मेंढरे विसांनी मोजायची, दर विसाला एक खडा. वेढेही तसेच मोजले. मी म्हटले, चुकशील, कागदावर मांड. "बाई, लिवाया मान खाली घातली की मेंढरू निसटतंय." शेवटी खडे मी मोजले. सव्वाशे. अडीच हजार वेढे, हवे होते तेवढेच. आम्हाला कॉन्व्हेंटात बोटांवर मोजल्याबद्दल पट्टी बसे. त्या सिस्टरांना हा माणूस दाखवायला हवा होता.

हेडफोन लावला तेव्हा पहिले शब्द ऐकले ते स्वयंपाकाच्या गयाबाईचे, चुलीपाशी, स्वतःशीच. "मीठ कळंना म्हातारीला, न् मला शिकवून राहिली." चार वर्षे काय काय म्हणत आली असेल. मीठ त्या दिवशी बरोबर होते.

१४ फेब्रु.

यंत्र परत आले, पोत्यात. जळक्या लाखेचा वास.

मारोतीने विचारून आणलेली हकीकत: पहिले मंगलाष्टक ठीक झाले. आवाज मांडवाबाहेर जाईना, तेव्हा मॅनेजर म्हणाले, "याची बॅटरी आमच्याच डायनामोवर भरता ना? मग मधे बॅटरी कशाला?" जिनचा डायनामो एकशे दहा व्होल्टचा, यंत्राला हवे सहा. सरळ जोडला. उरलेली मंगलाष्टके भटजींनी घशाने म्हटली.

वर मारोतीला ऐकवले, "घरगुती खेळणं, टिकणार किती?" त्याने पोते उचलले आणि आला. त्याच्या वाटणीचा रागही मलाच करावा लागतो आहे.

१७ फेब्रु.

दुकानात बसून सगळे पाहिले. हातोडा चिकटला. ट्रान्सफॉर्मरमधली बॅटरीकडची जाड तार कोळसा. बारीक तार मात्र शाबूत. अडीच हजारांतला एकही वेढा जळला नाही. प्रत्येक थराखाली त्याने मेणात बुडवलेला पतंगाचा कागद घातला होता. तेव्हा मी त्याला वेळकाढू म्हटले होते. आज शब्द मागे घेतला. "ऱ्हाऊ द्या बाई," म्हणाला, आणि जाड तार नव्याने गुंडाळू लागला.

आता बॅटरीच्या वाटेवर केसाएवढी तार घालतो आहे. "कुनी येडेपना केला तं आधी ही जळंल." मॅनेजर जमेस धरून यंत्र बांधणे, याला मी विद्या म्हणते.

तिन्ही व्हॉल्व्ह गेले. दोन त्याच्या डब्यात निघाले. तिसरा हिंगोलीत एकाच ठिकाणी आहे. "काहून काळजी करता? मॅनेजरसायबाच्या रेडिओत हाय की." हसला. मी हसले नाही, मला वाट दिसली.

२० फेब्रु.

आज पाठवलेल्या पत्राचा शेवट, नकलेसाठी:

"…तरी आपल्या रेडिओतील तो व्हॉल्व्ह काढून मारोतीच्या दुकानी पोचवावा. तो काढताना स्वतः हात लावू नये, मारोतीला बोलवावे. 'खेळणे' हा शब्द लेखी मागे घ्यावा. शुक्रवार, २८ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत उत्तर मिळावे. उत्तर कागदावरच हवे. तोंडी निरोप घेऊन माणूस पाठवू नये, तो ऐकण्याचे माझे साधन आपण जाळले आहे."