मंजुषाचा मामा

छत्रपती संभाजीनगर

सरिताताईस, धाकट्या कडुबाचा नमस्कार.

जखम भरली. कंपनीत प्रेसखाली उजव्या हाताची चार बोटं गेली, तेवढीच. आईला सांग, डाव्या हातानं जेवतो, पण उपाशी नाय.

आता तुझ्या निरोपाचं. मंजुषाच्या लग्नात मामा म्हणून अतुल उभा राहणार, का तर पाव्हण्यांसमोर माझा हात बरा दिसत नाय? अतुल चुलत मामा. मी काय मेलो? नवरीला बोहल्यावर आणून तिच्या मागं उभं राहायला बोटं लागत नायत. मी येणार, अन् हात रुमालात झाकणार नाय.

आईचा गुडघा कसाय?

हे पत्र डाव्या हातानं लिहायला आठ दिवस लागले. अक्षर लागलं नाय, तर मंजुषाकडून वाचून घे.

तिचा सख्खा मामा,
कडुबा