नलूच्या विहिरीचं पाणी

२ एप्रिल ९५, रवि.
ह्यांना आणि छोटीला घेऊन पळस्प्याच्या पुढे नलूकडे. कॉलेजपासूनची मैत्रीण, तरी घर बघून मीच बुजले. तिनं आणि वसंतनं आधी काय काय नको ते ठरवलं, मग दोन खोल्या बांधल्या. फ्रीज नाही. विहिरीला पंप नाही; हातानं शेंदायचं, की आपोआप बेतानं वापरलं जातं. मोरीचं पाणी केळींना. परतताना हे : "हौस आहे. दोन उन्हाळे जाऊ देत." मला मात्र वाटलं, काय निवांत दिसते ती!

१६ एप्रिल
पुन्हा नलूकडे, एकटीच. शेजारच्या फार्महाऊसवाल्यानं बोअर मारली, हिरवळीवर दिवसभर फवारे. ठाकरवाडीची विहीर आटली. बायका आता हिच्याकडे पाण्याला येतात, आणि हिच्याही विहिरीत जेमतेमच. नलूनं स्वतःचे वांग्या-टोमॅटोचे वाफे वाळू दिले. "अगं, एवढी मेहनत!" म्हटलं, तर म्हणे, "भाजी बाजारात मिळते." वाडीतली हिरू संकोचून एकच हंडा भरत होती. "तुमालाबी लागल ना, बाय." नलूनं दुसरा भरून तिच्या डोक्यावर चढवला.
माझ्याच्यानं झालं असतं?

३० एप्रिल
नलू बाजारात भेटली. फार्महाऊसवाला मुंबईहून आला होता. ती हिरूला घेऊन त्याच्याकडे गेली. तो : "माझ्या जागेतलं पाणी आहे." नलू वाद घालत बसली नाही, त्याला वाडीच्या विहिरीपाशी घेऊन गेली. तळाशी नुसता गाळ. हिरू म्हणाली, "सायेब, गवताला पानी हाय, आमाला नाय?" त्यानं वाकून तळ पाहिला म्हणे. पाऊस पडेपर्यंत फवारे बंद ठेवतो म्हणाला. पुढच्या वर्षीचं कोण जाणे.
आज नळ सोडून भांडी घासवेनात. बादली घेतली. ह्यांनी पाहिलं.

७ मे
नलूच्या पलीकडची जागा विकायची आहे. ती म्हणाली, "तुम्ही घ्या ना. नाहीतर तिथंही हिरवळ होईल." घरी येऊन ह्यांना सांगितलं खरं, पण घेऊ या का, हे विचारायचा धीर झाला नाही.
रात्री जेवताना हे आपणहून : "तिथून छोटीची शाळा किती लांब पडेल?"
म्हटलं, एक एसटी. आणि थोडं चालणं.
"हं."
मग ताक मागून घेतलं.