गिझरच्या फायलीतला कागद

प्रिय अहो,

'प्रिय' लिहिताना आज हात अडतोय, पण लिहिलं.

सकाळी गिझर बंद पडला. वॉरंटीचं कार्ड शोधायला तुमची ती जाडजूड फाइल काढली, तर मिक्सर आणि पंख्याच्या कार्डांमध्ये हृदयाच्या डॉक्टरांचा कागद निघाला. आपण कॅरव्हॅनमध्ये राहायला गेलो, त्याच्या चार दिवस आधीचा. 'अँजिओग्राफी ताबडतोब. तोवर श्रम बंद.' खाली दोन रेघा मारलेल्या.

मी तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "मी बजावलं होतं हो त्यांना. म्हणाले, मुलीने हौसेने बुकिंग केलंय, आल्यावर बघू."

आल्यावर! आलात का?

मुक्ताने तुमच्या निवृत्तीची भेट म्हणून ते दोन दिवस ठरवले होते. पौडच्या पुढे, अगदी नदीला लागून. गाडीत शिरल्याबरोबर तुम्ही सगळी कपाटं उघडलीत, नळ सोडून पाहिलात आणि म्हणालात, "आपल्या कसब्यातल्या स्वयंपाकघरापेक्षा इथला ओटा मोठा आहे!" किती खूश होतात! आज त्याचाच संताप येतो. इतकं हसताना एवढं पोटात ठेवणं जमलं कसं तुम्हाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी कयाकमध्ये पुढे मी, मागे तुम्ही. मला वल्हं धड धरता येईना. "तू नुसती बस, मी नेतो," म्हणालात, आणि नेलंतही पार पलीकडच्या काठापर्यंत. परत येताना तुमची धाप मला पाठीमागे ऐकू येत होती. मला वाटलं, वय झालं. वय! इतकी वर्षं बीपीची गोळी रोज मी तुमच्या हातावर ठेवली, आणि हे कळायचा हक्क मला नव्हता?

चारला सायकली काढल्या. सायकली देणाऱ्या सखूबाई तुमच्याकडे बघून म्हणाल्या, "काकू, काका लय दमल्यात बगा. जरा दम खाऊ द्या त्यास्नी." मी काय म्हणावं? "दमलेत कसले, नाटकं आहेत!" चढावर तुम्ही मागे पडलात, तेव्हा मी वरून ओरडले, "कॅरियर लावून घेऊ का, मागे बसून येता?"

तुमच्याशी बोललेलं ते माझं शेवटचं वाक्य. तुम्ही हसलात, सायकल झाडाला टेकवलीत, खाली बसलात ते उठलाच नाहीत.

आपला सगळा संसार टोमण्यांवर चालला. मी टोमणा मारणार, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. मग मला अंधारात ठेवून मारू का दिलात? एक शब्द बोलला असतात, तर मी सायकलला हात लावू दिला असता का? नदीकाठी खुर्च्या टाकून चहा पीत बसलो असतो. दोन दिवस काय, चार दिवस बसलो असतो!

भेटायला येणारे म्हणतात, "काय सुंदर मरण! भाग्यवान हो." मी त्यांना चहा देते. तुम्हाला मात्र स्पष्ट सांगते, भाग्यवान-बिग्यवान काही नाही, तुम्ही निव्वळ अप्पलपोटे निघालात.

आणि मुक्ता? हिंजवडीहून ऑफिस सुटलं की थेट इकडे येते. ताट वाढलं तर चिवडत बसते. परवा म्हणाली, "आई, मी बुकिंग केलं नसतं तर बाबा असते." मी "नाही गं" म्हणत राहिले, पण तिला पटेल असं माझ्याकडे काही नव्हतं.

आता आहे. दुपारभर तो कागद घेऊन बसले होते. फाडून टाकावा? तिचे बाबा तिच्याशी कधी खोटं बोलले नाहीत, असं तिला वाटतं. वाटू द्यावं? पण तुम्ही भिंतीवरच्या फोटोत हसत बसणार आणि पोर इथे झिजणार, हे मला चालणार नाही.

म्हणून शब्द देते. आज ती आली की कागद तिच्या हातात ठेवणार. डॉक्टर जे बोलले, तेही सांगणार. "म्हणजे माझ्यासाठीच लपवलं," असं म्हणालीच, तर विचारणार, तुला कळलं असतं तर बुकिंग रद्द करायला तू एक मिनिट तरी लावलं असतंस का? त्यांनी तुला विचारलंच नाही, हा गुन्हा त्यांचा. आणि माझं ते कॅरियरचं वाक्यही सांगणार, जे मी अजून कुणाजवळ काढलेलं नाही.

तिने तुमच्यावर चिडावं, माझ्यावर चिडावं, हवं तर आपल्या दोघांशी बोलणं टाकावं. पण दोन घास जेवावं.

तुमच्यावर मनापासून रागावलेली,
शैला