शर्टाची बटणं

१४ तारीख, मंगळवार

चि. धाकटे,

अनेक आशीर्वाद.

‘इकडे सर्व ठीक’ असं लिहिलं आणि तो कागद फाडला. तीन वर्षांत पत्र नाही की फोन नाही, आता कशाला थापा मारू? माझे गुडघे कुरकुरतात, शिवणयंत्रही कुरकुरतं, आमचं बरं जमतं. तुझा दादा परवा एकोणसाठचा झाला. नवी टोपी घालून तासभर आरशासमोर बसला होता. आरशातल्या माणसाला तो आता नमस्कार करतो.

गेल्या आठवड्यात सरकारी तपासणीवाली बाई आली होती. जन्मापासून बुद्धीनं अधू असलेली माणसं म्हातारी झाली की त्यांना किती मदत लागते, ते ही मंडळी दर दोन वर्षांनी घरी येऊन बघतात. मागच्या खेपेला मी सगळ्या रकान्यांत ‘स्वतः करतो’ असं ठोकून दिलं होतं. जेवण? स्वतः. अंघोळ? स्वतः. झाकली मूठ सव्वा लाखाची!

या खेपेलाही तेच रेटणार होते. पण दादा बाईसमोरच चहाच्या कपात मोजा बुडवत बसला. तिनं जुना फॉर्म काढला. म्हणाली, “दोन वर्षांपूर्वी सगळं येत होतं आणि आता हे? इतकी अचानक घसरण म्हणजे डॉक्टर भरती करून घेतील. भूल देऊन तपासण्या करतील.”

मी दादाच्या हातातला ओला मोजा काढून घेतला.

“कपडे तरी स्वतः घालतात ना?”

“घालतो तर! बघा की,” म्हणत मी तोऱ्यात कपाट उघडलं. जळलं मेलं माझं शहाणपण! बाई एकेक शर्ट चाचपत गेली. पहिल्याला साधी बटणं. पुढच्यांना टिचबटणं. त्यापुढच्यांना बटणांऐवजी चर्रकन सुटणारी चिकटपट्टी. आणि शेवटचे तीन समोरून पार शिवून टाकलेले, गळा मोठा करून, डोक्यातून अडकवायचे.

“हे कोणी केलं?”

“मीच. शिवणकामातच जन्म गेला माझा.”

“कोणता शर्ट कधी बदललात, आठवतं?”

न आठवायला काय झालं? टिचबटणं चार वर्षांपूर्वी, तो काजं शोधत रडायला लागला तेव्हा. चिकटपट्टी आपलं भांडण झालं त्याच महिन्यात. पुढून शिवले ते गेल्या वर्षी. बाईनं सगळं लिहून घेतलं. “म्हणजे अचानक काही झालेलं नाही, हळूहळू चाललंय. बरं झालं सांगितलंत. भरतीचं मी डॉक्टरांशी बोलते.” मी तिच्यासमोरच धाय मोकलून रडले.

मग तुलाही न सांगितलेलं तिला सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी भर दुपारी तो न्हाणीघरात घसरला. उचलायला गेले तर मीच त्याच्या शेजारी आपटले. इस्त्रीवाला पाचला आला, तोवर दोघं ओल्या फरशीवर बसून होतो. दादा सारखा म्हणत होता, “ताई, घरी जाऊ या.” अगं, घरातच होतो गं आम्ही.

तू म्हणाली होतीस, “ताई, तुझ्याच्यानं आता होणार नाही.” त्यावर मी तुला दगडाच्या काळजाची म्हटलं, दार दाखवलं. चुकलं माझं. मी खोटं लिहीत होते ते त्याच्यासाठी नव्हतंच. त्याला नेलं तर या घरात मी कुणावर ओरडायचं, कुणाला हाक मारायची, याचीच मला धास्ती होती.

त्याला निवासी केंद्रात ठेवायच्या कागदावर काल सही केली. केंद्र चांगलं आहे, दोनदा बघून आले. दोन माणसं मिळून उचलतात, ओरडत नाहीत. शर्ट कसे चढवायचे ते मी त्यांना दाखवून आले.

शुक्रवारी अकराला त्यांची गाडी येईल. मी सोबत जाऊन त्याला सोडून येणार आहे. तू येशील का? त्याच्यासाठी म्हणत नाही. गाडी दिसली की तो हरखून बसेल, मागे वळूनही बघणार नाही. मला मात्र संध्याकाळी इथंच परत यायचंय. कुलूप उघडताना शेजारी कुणीतरी हवं गं.

तुझ्याशी भांडलेली, तरी तुझीच,
ताई