सरजाबाईंना हवं असलेलं हळदकुंकू

वालूर,
खंडेनवमीच्या आधीचा सोमवार

चिरंजीव शिवरुद्र यास राजेश्वरमामाचे पोटभर आशीर्वाद आणि शिवशरणार्थ.

हैदराबादच्या तिखटानं तुझं पित्त उसळलं नसेल आणि आपल्या दालमिलचा माल घेणारी तिथली गिऱ्हाईकं तुला बरी भेटली असतील, अशी आशा. माझे गुडघे वयाला शोभतील इतकेच दुखतात, बाकी सगळे खुशाल. फोनवर मी दुसऱ्या वाक्याला पोचायच्या आत तू "हां मामा, पुढं" म्हणतोस, म्हणून हे पत्र. शिवानी याचा फोटो काढून तुला पाठवणार आहे (तुझी लेक गुणी आहे, पण माझं अक्षर बघून लय हसली).

तर तू सोपवलेली कामगारांची सभा पार पडली. तुमच्या मिलमध्ये माणसं मोकळेपणानं बोलतात का, सगळ्यांना सारखा मान असतो का, असं माल घेणाऱ्या कंपनीवाल्यांनी तुला विचारलं. आणि तू मला म्हणालास, मामा, तुम्ही मास्तर होता, त्यांना बोलतं करा, ऐकून घ्या, समोसे द्या. मी सगळं केलं, फक्त क्रम चुकला. समोसे आधी दिले. त्यामुळे बोलायच्या वेळी सगळ्यांची तोंडं भरलेली, आणि ती शांतता मला सोसेना. म्हणून मी आमच्या पाचवीच्या पुस्तकातली मधमाश्यांची कविता धरली. (काय दिवस होते ते. सगळा वर्ग एका सुरात म्हणायला लागला की कौलांवरची कबुतरं उडून जायची.) तिसऱ्या कडव्याशी अडलो, म्हणून परत पहिल्यापासून सुरू केली. हमालांमधला बजरंग फार भला माणूस. मी श्वास घ्यायला थांबलो की कविता संपली समजून टाळ्या वाजवायचा. लोकांना बोलतं करायला बसवलेला मीच एकटा बोलत होतो, हे मुनीम बन्सीधररावांनी दोनदा खोकून सुचवलं.

मग मी म्हटलं, बोला, कुणी कुणाला भ्यायचं कारण नाही. बजरंगनं बिचकत गोदामासाठी पंखा मागितला. मुनिमांनी मान डोलावली, टाळ्या झाल्या, माणसं चपला शोधायला लागली. तेवढ्यात चाळणीच्या मशीनवरच्या सरजाबाई उठल्या. नवरा गेल्यावर त्या त्याच्या जागी लागल्या, तेव्हापासून ते मशीन त्याच चालवतात, हे तुला ठाऊकच आहे. बोलल्या हळू, पण गोदामात पंखा नसल्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं.

"मास्तर, नवमीला माझ्या मशीनला हळदकुंकू मला लावायचंय. दरसाली मला दाराच्या बाहीर उभं करतेत अन् मुनीमसायबाची सून येऊन लावती. तिला त्याचं बटण कुठं हाय ते बी ठावं न्हाई."

मुनीम समजुतीनं म्हणाले की सभा कामाच्या गोष्टींची आहे, पूजा ही वेगळी बाब. शिवाय विधवा बाईच्या हातानं कुंकू लागलं आणि ऐन हंगामात मशीन बिघडलं, तर बोल कुणाला लागेल? (माणूस वाईट नाही. सरजाबाईंना याचं वाईट वाटेल अशी त्यांना शंकासुद्धा कधी आली नव्हती, इतकंच.)

सरजाबाई म्हणाल्या, "बिघडलं की तुमी मलाच हाक मारताव. तवा चालती मी."

शिवरुद्र, अशा वेळी माझ्या तोंडात आपोआप एखादी ओळ येते. आली नाही. पाखरं आठवली, दवाचे थेंब आठवले, शेवंतीचा वाफासुद्धा आठवला. पण स्वतःच्या मशीनची पूजा दाराबाहेरून बघणारी बाई आमच्या पुस्तकात कुणी लिहिलीच नव्हती. नव्यानं लागलेली राजेश्री उठली आणि सरजाबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मग बजरंग उठला. म्हणाला, माझा पंखा पुढल्या साली आला तरी चालंल, आधी हे बघा.

एकंदरीत सभा फार छान झाली. काळजी नसावी.

तुझा,
राजेश्वरमामा

ता.क. तू मला फक्त ऐकून घ्यायला सांगितलं होतंस. पण जो मशीन चालवतो त्यानंच त्याची पूजा करायची, असं मी तुझ्या नावानं जाहीर करून टाकलं आहे. बन्सीधरराव रुसलेत, कदाचित तुला फोन करायलाही लागलेत. त्यांची समजूत तू काढ, पण सरजाबाईंना दिलेला शब्द फिरवू नकोस.

दुसरा ता.क. खरं तर पत्र याचसाठी लिहिलं. सभेचं सगळं मी काल अक्काला सांगितलं. दाजी गेल्यापासून तुझी आई नवमीला मिलकडे फिरकत नाही. उन्हाचं कुठं यायचं म्हणते, आणि तू नि मी ते ऊन खरं धरून चालतो. आज भाकरी वाढता वाढता, माझ्याकडे न बघता, पूजा किती वाजता आहे म्हणून विचारलं. मी वेळ सांगितली. पण माझ्या सांगण्यानं ती यायची नाही. पहिलं कुंकू तू लाव म्हणून तिला बोलवायला हवं, आणि ते बोलावणं मालकाचं हवं. फोन तू कर.